लाईट का डार्क? आधी खोलीतला उजेड बघा

लातुरात रो-हाऊसमध्ये राहणाऱ्यांना मधली खोली म्हणजे काय ते सांगायला नको. दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांना लागून, खिडक्या फक्त पुढं आणि मागं, त्यामुळं भर दुपारी पण तिथं ट्यूब लावावी लागते. दिवाळीआधी घराला रंग द्यायचं काढलंय आणि सगळ्यात जास्त चर्चा ह्याच खोलीवरून झाली. जो येतो तो एकच सांगतो, अंधारी आहे ना, मग पांढराशुभ्र मारा.

मला हे पटत नाही. भिंत काय स्वतः उजेड पाडत नाही, तिच्यावर पडलेला उजेड ती परत फेकते एवढंच. जिथं मुळात उजेडच येत नाही तिथं पांढरा रंग राखाडी दिसतो, त्यात वरून आपली ती निळसर पांढरी एलईडी ट्यूब असली की खोली एकदम दवाखान्याच्या व्हरांड्यासारखी दिसते. तिथं आधी दिवे सुधारायचे, थोडे पिवळसर उजेडाचे दोन बल्ब समोरासमोरच्या भिंतींवर लावायचे, आणि मग क्रीम किंवा फिकट बदामी असा जरा ऊब असलेला रंग घ्यायचा. छत मात्र पांढरंच ठेवायचं, त्यात तडजोड नको.

पेंट कंपन्यांच्या शेडच्या माहितीत एलआरव्ही म्हणून एक आकडा असतो, तो बघायची सवय लावून घ्या. ० ते १०० मध्ये असतो, भिंत किती उजेड परत फेकते ते त्यावरून कळतं. ऑफ-व्हाईट वगैरे साधारण ७५ च्या वर, नेव्ही ब्लू किंवा चारकोल बहुतेक १० च्या खाली. म्हणजे लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर एकच बल्ब चालू असताना गडद भिंतींची खोली कशी दिसेल ह्याचा अंदाज तुम्हाला दुकानातच येतो, आणि आमच्याकडं लाईट जाणं म्हणजे काय वर्षातून एकदा होणारी गोष्ट नाही.

सासूबाईंना तर सगळं घर पांढरंच पाहिजे. त्यांचं माहेर औसा तालुक्यातलं, माळवदाचं घर, दगडमातीच्या जाडजूड भिंती, उजेड यायचा तो दारातून आणि वरच्या झरोक्यातून. दिवाळीच्या आधी आतून चुना मारायचा, त्यात चिमूटभर नीळ, म्हणजे पांढरं अजून उजळ दिसतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात तिकडची तसली कितीतरी घरं गेली, नंतर स्लॅबची घरं आली, खिडक्या मोठ्या झाल्या. पण आत येणारा थोडासा उजेड चुन्याच्या भिंतींवर पडून कोपऱ्यापर्यंत जायचा हे त्यांनी लहानपणी बघितलंय, म्हणून त्या पांढऱ्याचा आग्रह धरतात तेव्हा मी ते मनापासून ऐकते.

आता पोराची खोली. त्याला गडद निळा पाहिजे. "दिवसाढवळ्या अंधार करायलास का रे घरात?" असं आजी म्हणाल्या, पण मी ह्या बाबतीत पोराच्या बाजूनं आहे. तो दिवसभर कॉलेजात, खोलीत येतो संध्याकाळी, अभ्यास टेबल लॅम्पवर आणि मग झोप. शिवाय खोलीला पश्चिमेची मोठी खिडकी आहे, संध्याकाळचं ऊन सरळ आत येतं, पांढऱ्या भिंतीवर ते डोळ्यावर येतं आणि गडद भिंत ते शांतपणे घेते. खोली कधी वापरायची आणि त्या वेळेला तिथं उजेड कसला असतो, ह्यावरून रंग ठरवावा असं माझं स्पष्ट मत झालंय. चारी भिंती गडद मात्र नाही, खिडकीच्या समोरची एकच, बाकी तीन फिकट.

कोणीतरी म्हणालं की डार्क रंगानं खोली तापते. आतल्या रंगानं तसा काही फरक पडत नाही हो. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं जातो तेव्हा तापतो तो स्लॅब आणि बाहेरची पश्चिमेची भिंत. थंडावा पाहिजे असेल तर गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा पेंट मारा, बाहेरचा रंग फिकट ठेवा.

डार्कचा खरा त्रास वेगळाच आहे, आणि आमच्या भागात तो जास्त आहे. बांधकामाला पाणी बोअरचं, क्षाराचं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आलेलं हे शहर, इथं भिंतीवर मारायला गोडं पाणी कुठून आणायचं? भिंतीत ओल असली की ते क्षार बाहेर येतात, खालच्या दोन-तीन फुटांत पांढरी भुकटी धरते, पापुद्रे सुटतात. फिकट भिंतीवर ते लांबून कळत पण नाही, निळ्यावर मात्र दारातूनच दिसतं. त्यात उन्हाळ्यातली धूळ, मॅट फिनिशवर नुसतं बोट लागलं तरी पांढरट रेघ उठते. म्हणून गडद भिंत निवडायची ती बाथरूमला लागून नसलेली, कोरडी, आणि पावसाळा संपल्यावर नीट वाळलेली. आमच्याकडं सप्टेंबरात चांगला पाऊस पडतो, त्यामुळं दसऱ्याच्या घाईत ओल्या भिंतीवर पुट्टी ओढू देऊ नका. फिनिश पण एकदम मॅट नको, किंचित चमक असलेला धुता येणारा इमल्शन घ्या.

शेड कार्डावरचा तो इवलासा चौकोन बघून ठरवू नका. मोठ्या भिंतीवर तोच रंग जास्त भडक वाटतो आणि ओला असताना दिसतो तसा वाळल्यावर राहत नाही. आम्ही छोटे डबे आणून मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारले आणि ते पुठ्ठे खोलीत फिरवत ठेवले, सकाळी खिडकीजवळ, रात्री कपाटाशेजारी. पोराचा निळा संध्याकाळच्या उन्हात काय सुंदर दिसत होता, पण तोच पुठ्ठा मधल्या खोलीच्या ट्यूबखाली नेला तर सरळ काळा. सासूबाईंनी स्वतः दोन्हीकडं उभं राहून बघितला आणि म्हणाल्या, "हितं ठीक हाय, तिकडं नको."

पेंटरमामांनी अजून एक सांगितलं, गडद शेडला मशीनमध्ये कलर जास्त लागतो म्हणून डबा महाग पडतो, आणि नंतर टचअप केलं की ठिगळ उठून दिसतं. तेव्हा पूर्ण भिंतीचा रंग एकदमच बनवून घ्या, आणि झाकणावरच्या शेड कोडचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. जिन्याचं आमचं अजून ठरलं नाही, तिथं मुलांचे हात भिंतीला सारखे लागतात, त्यामुळं खाली कमरेएवढा गडद पट्टा आणि वर क्रीम असं डोक्यात आहे. कोणी केलं असेल तर कसं टिकलं ते कळवा.