जाळी बंद, कारण वारा

मी गुहागरची, त्यामुळे पाऊस म्हटला की डोक्यात जून येतो आणि नोव्हेंबरपर्यंत छत्र्या माळ्यावर गेलेल्या असतात. कोडियाकराईला सगळं उलटं. तमिळनाडूच्या नागपट्टणम जिल्ह्यातलं हे टोक, म्हणजे पॉइंट कॅलिमर. इथे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मान्सूनचा. आणि नेमके त्याच महिन्यांत पार सायबेरियाकडून टिलवे, चिखल्या, कर्ल्यू सँडपायपर असले चिखलातले पक्षी हजारोंनी इथल्या दलदलीत आणि मिठागरांत उतरतात. म्हणजे पक्षी पकडून पायात नंबराची रिंग घालून सोडायच्या आमच्या कामाचा सीझन आणि वादळांचा सीझन एकच!

बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) इथे पक्षी स्थलांतराचं केंद्र आहे, 1980 च्या दशकात इथे या रिंगिंगचं मोठं काम झालं. अली हुसेन यांच्यासारखे बिहारचे पारंपरिक पक्षी पकडणारे त्यात होते आणि त्यांच्या हातांनी काय काय केलंय ते इथले जुने लोक अजून सांगतात. मी तिथे दोन सीझन व्हॉलंटियर होते. लोकांना वाटतं पाऊस आला की आम्ही भिजतो म्हणून काम थांबतं, पण तसं नसतं, थांबायचं कारण पक्षी असतो.

मिस्ट नेट म्हणजे केसासारख्या बारीक नायलॉनचं जाळं, बांबूंना बांधून अंधारात लावायचं. ते सैल असावं लागतं, पक्षी धडकला की खालच्या झोळीत अलगद पडतो. अमावस्येच्या आसपासच्या काळ्याकुट्ट रात्री त्यासाठी सगळ्यात चांगल्या कारण चांदण्यात त्यांना जाळं दिसतं. त्यामुळे आभाळ भरून आलं की आधी बरंच वाटतं, चंद्र गेला, आज मिळतील. पण त्याच ढगाबरोबर वारा येतो आणि जाळ्याचं शीड होतं, झोळी ताणली जाते, पक्षी आपटून उडून जातो नाहीतर असा गुंततो की सोडवायला वेळ लागतो. छोटा टिलवा असतो जेमतेम 20-25 ग्रॅमचा. पिसं भिजली की त्याची ऊब जाते, आणि अंगावर साठवलेली चरबी थंडी वाजून संपली तर पुढचं अंतर तो कशावर काटणार? पाऊस सुरू झाल्यावर जाळी गुंडाळायला गेलं तर उशीर झालेला असतो, त्याच्या आधीच ठरवावं लागतं.

हे ठरवायचे आमचे अण्णा. गावातलेच, इतकी वर्षं या कामात की हात जाळ्यात गेला की दोन सेकंदांत पक्षी बाहेर. मी मोबाइलवर वाऱ्याचा मॅप घेऊन जायचे आणि ते किनाऱ्यावरच्या होड्या किती वर ओढल्यात ते बघून यायचे. "कात्तु, मा. आज वेंडाम." वारा आहे, आज नको. एका नोव्हेंबरात सलग पाच रात्री हेच ऐकलं. वीज नाही, जवळच्या वेदारण्यम गावाहून भाजी नाही, कॅलिपर आणि चिमटे खाऱ्या हवेने गंजू नयेत म्हणून रोज तेलाने पुसायचे, रिंगच्या साइझप्रमाणे डबे लावायचे, आणि बाहेर अंधारात पक्ष्यांचे आवाज ऐकू यायचे, खूप जवळून. त्या आवाजांनी मला झोप लागायची नाही.

दिवसा मोजणीला गेलो तर दलदलीचं पाणी वाऱ्याने सरकलेलं, काल चिखल होता तिथे आज गुडघाभर पाणी, दुर्बिणीवर पाणी, टेलिस्कोप थरथरतोय, दूरचा थवा टिलव्यांचा की सँडपायपरचा हे छातीठोक सांगता येत नाही. मग वहीत पेन्सिलीने (पेनची शाई उतरते) फक्त "छोटे वेडर", म्हणजे चिखलातले छोटे पक्षी, एवढंच लिहायचं. अंदाजाने नाव टाकायचं नाही, यावर अण्णा आणि मी दोघंही ठाम.

पहिल्या तशा रात्री मी लॉगमध्ये पक्ष्यांच्या रकान्यात 0 लिहिला होता. अण्णांनी वही परत माझ्यापुढे सरकवली. तेव्हा कळलं नाही, आता मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जाळी लावून पक्षी न मिळणं आणि जाळी न लावणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. 20 वर्षांनी कुणी जुने आकडे काढले आणि त्यात असे शून्य असले तर त्याला वाटेल त्या वर्षी पक्षीच घटले, आणि खरे घटलेले असतील ते त्याला कळणारच नाहीत. किती जाळी, किती तास, वारा कुठून, हे सगळं पक्ष्यांच्या आकड्याइतकंच जपायला हवं.

2018 च्या 16 नोव्हेंबरला गज वादळ वेदारण्यमच्या बाजूला किनाऱ्यावर आलं तेव्हा मी इथे नव्हते. अण्णा होते. जंगलातली आडवी झालेली झाडं त्यांनी मला एकेक करून दाखवली, मेलेल्या काळविटांबद्दल मात्र ते फार बोलत नाहीत. त्यामुळे ते "वेंडाम" म्हणाले की मी दुसऱ्यांदा विचारत नाही.

सहाव्या रात्री वारा पडला, साडेदहाला जाळी उघडली. तोवरची पाच पानं तशीच आहेत वहीत, अण्णांच्या सांगण्यावरून मी खोडून पुन्हा लिहिलेली: जाळी बंद. वारा ईशान्येकडून. पक्ष्यांचे आवाज भरपूर.