तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या सायकलला डिस्क ब्रेक

पावसाळा तोंडावर आला की मला हमखास हा प्रश्न येतो. घरात नव्वदच्या दशकातली गिअरची सायकल पडून आहे, स्टीलची फ्रेम अजून खणखणीत आहे, ताम्हिणीला न्यायची आहे. तिला डिस्क ब्रेक बसतील का?

पुढे बसतील. मागे बसवू नका. एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुकानात गेलात की कॅलिपर, म्हणजे पॅडनी डिस्कला चिमटणारा भाग, कोणतं घ्यायचं यावरच बोलणं सुरू होतं. त्याच्या आधी ब्रेकचा जोर सायकलच्या कोणत्या भागावर येणार ते बघायला हवं. सव्वीस इंची चाकात ब्रेकचं रबर रिमला धरतं ते मध्यापासून साधारण 27 सेंटिमीटरवर. 160 मिलिमीटरच्या डिस्कला पॅड धरतात ते जेमतेम 7 सेंटिमीटरवर. तेच चाक तेवढ्याच अंतरात थांबवायचं तर डिस्कला जवळपास चौपट जोर लावावा लागतो. शिवाय रिम ब्रेकचा जोर चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) वरच्या जाड भागावर, त्याच्या दोन्ही पायांत वाटून येतो. डिस्कचा सगळा जोर येतो एकट्या डाव्या पायाच्या खालच्या टोकावर. जुन्या चिमट्याचा पाय बहुतेक वेळा नेमका तिथंच निमुळता केलेला असतो.

म्हणून जुन्या चिमट्याला पट्टी वेल्ड करून कॅलिपर अडकवायच्या भानगडीत पडू नका. डिस्कसाठीच बनवलेला नवा चिमटा घ्या. घेण्याआधी जुना काढून त्याच्या, फ्रेमच्या नळीत जाणाऱ्या दांडीचं माप घ्या. जुन्या सायकलींत ती बऱ्याचदा एक इंची आणि आटे पाडलेली असते. आजचे चिमटे सव्वा इंचाच्या किंचित आतले, बिनआट्याचे. फ्रेमच्या नळीत बसत नसेल तर विषय तिथंच संपला. उंचीही जुन्याच्या जवळपास हवी. शॉकअपवाला लांब चिमटा दिसायला झकास, पण पुढची बाजू दोन सेंटिमीटर उचलली गेली तरी हँडलचा कोन साधारण एक अंशानं पडतो आणि सायकल वळायला आळशी होते.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. कॅलिपर चिमट्याच्या मागे असतं आणि चाक पुढे जाताना डिस्कची मागची कड वर जात असते. पॅडनी तिला करकचून धरलं की एक्सल (चाकाचा आस) खाली ढकलला जातो, आणि तो बसतो ती चिमट्याची खाच खालच्याच बाजूला उघडी असते. चाक निसटू नये म्हणून खाचेच्या टोकाला ओठ ठेवलेले असतात. कुणी सोयीसाठी ते घासून देतो म्हणाला तर देऊ नका. नट किंवा क्विक रिलीज (चाक आवळणारी हाताची खिट्टी) घाट उतरण्याआधी हातानं तपासा.

चाक नव्यानं बांधावं लागेल, कारण डिस्क बसायला वेगळा हब (चाकाचा मधला भाग) लागतो. पुढच्या हबची रुंदी जुन्यानव्यात बहुधा 100 मिलिमीटरच, त्यामुळे अडत नाही. तारा मात्र एकमेकींना छेदणाऱ्याच हव्यात. सरळ ओढलेल्या तारांना हबचा पीळ झेपत नाही. लीव्हरही बघून घ्या. एमटीबीची (माउंटन बाइकची) वायरवाली कॅलिपर व्ही-ब्रेक या लांब हातांच्या रिम ब्रेकच्या लीव्हरसाठी असतात, ती जास्त वायर ओढते. जुनी लीव्हर ठेवलीत तर ती हँडलला टेकेल आणि सायकल चालतच राहील.

आता मागचं. जुन्या फ्रेमच्या मागच्या खाचांमधलं अंतर बऱ्याचदा 126 मिलिमीटर, डिस्क हबला 135 लागतात. स्टील वाकवून फाकवता येतं, ॲल्युमिनियम असेल तर तो विचारही नको. फाकवल्यावर दोन्ही बाजू पुन्हा समांतर आणायच्या, मग त्या बारीक नळीला कॅलिपरचा पीळ सोसावा म्हणून आधाराची दांडी ब्रेझ करायची (पितळेनं सांधायची), मग जळालेला रंग, मग कॅरिअर आणि मडगार्डशी कॅलिपरची मारामारी. इतकं करून मिळणार काय? जोरात ब्रेक लावला की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होऊन घसरायला लागतं. चांगला रिम ब्रेक तेवढ्याला पुरून उरतो.

माझं खरं मत विचाराल तर आधी रिमला चुंबक लावून बघा. चिकटला तर रिम स्टीलची, आणि ओल्या क्रोमवर रबर कसं सरकतं हे वेगळं सांगायला नको. ॲल्युमिनियमची रिम, चांगले ब्रेक शू आणि नवी वायर, एवढ्यावर निम्म्या लोकांची तक्रार मिटते, तीही बऱ्याच कमी पैशांत. टूर द फ्रान्सचे स्पर्धक 1910 मध्ये पहिल्यांदा पिरेनीज पर्वतातली तूरमालेची खिंड ओलांडून गेले. यूसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्कला कायमची परवानगी दिली 2018 मध्ये. मधली शंभरएक वर्षं मोठे घाट बहुतेक रिम ब्रेकवरच उतरले गेले. डिस्कचा फायदा नाकारत नाही: पाऊस, चिखल, आउट आलेलं चाक, कशाचंही तिला फारसं सोयरसुतक नसतं, आणि रिमही झिजत नाही. ताम्हिणीत भर जुलैत जाणार असाल तर पुढे डिस्क लावाच.

लावल्यावर थेट घाटात नेऊ नका. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, ब्रेक दाबून जवळजवळ थांबायचं, पुन्हा वेग घ्यायचा, असं पंधरावीस वेळा केलं की पॅड डिस्कला बसतात. आणि सर्व्हिसिंगला टाकाल तेव्हा दुकानातल्या पोराला बजावून सांगा, चेनवर स्प्रे मारताना डिस्कवर उडू देऊ नकोस. तेल प्यायलेले पॅड शेवटी फेकूनच द्यावे लागतात.