नेरूळच्या गोल मैदानात आयताकृती खेळ

ठाण्याहून डी. वाय. पाटील स्टेडियमला जायचं तर 9 किंवा 10 नंबरच्या फलाटावरून नेरूळ किंवा पनवेल गाडी पकडावी. वाशी गाडी तुर्भ्यानंतर सानपाड्याकडे वळते, त्यामुळे ती उपयोगाची नाही. मी नेरूळला उतरतो आणि पुढे रिक्षा करतो. परतीला मात्र जुईनगर बरं पडतं, कारण सामना सुटला की नेरूळच्या रिक्षास्टँडवर पाय ठेवायला जागा नसते.

आत शिरल्यावर पहिल्यांदा नजर वर जाते. हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांनी आखलेल्या या वास्तूच्या छताला आधार देणारा एकही खांब प्रेक्षकांच्या पुढ्यात येत नाही. मग नजर खाली उतरते आणि फुटबॉलवाल्याचा प्रश्न सुरू होतो: मैदान गोल, खेळ आयताकृती. फुटबॉलचं मैदान 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद. क्रिकेटच्या सीमारेषेची त्रिज्या 70 मीटर धरली, तर गोलच्या मागे सीमारेषेपर्यंत साडेसतरा मीटर उरतात, बाजूच्या रेषेपलीकडे तब्बल 36, आणि कॉर्नरच्या झेंड्यापाशी फक्त साडेसात. म्हणजे मधल्या महागड्या खुर्च्यांवरूनच खेळ सर्वांत लांब दिसतो. मी बाजूच्या वरच्या मजल्यावर बसतो. तिथून बचावफळीची रांग आणि मोकळ्या जागा नीट कळतात. गोलमागे खालच्या रांगेत आवाज भरपूर, पण दूरच्या टोकाला चेंडू किती आत गेला याचा अंदाज लागत नाही.

हे मैदान 2008 साली क्रिकेटसाठीच सुरू झालं. आयपीएलचा पहिला अंतिम सामना इथलाच. तरी भारतातल्या फुटबॉलचे मोठे दिवसही याच हिरवळीने पाहिले. 2014 आणि 2015 मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) खेळणाऱ्या मुंबई सिटी क्लबचं घर हेच होतं. 2014 ची पहिली आयएसएल फायनल इथे झाली आणि मोहम्मद रफिकच्या भरपाई वेळेतल्या गोलवर कोलकात्याने केरळला हरवलं. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात स्पेनने मालीला उपांत्य सामन्यात 3-1 ने नमवलं. 2022 तर महिलांचं वर्ष: फेब्रुवारीत आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात चीनने 0-2 अशा पिछाडीवरून दक्षिण कोरियाला 3-2 ने हरवलं, आणि ऑक्टोबरात 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक स्पेनने कोलंबियाला 1-0 ने हरवून जिंकला. 2 नोव्हेंबर 2025 ला भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक याच मैदानावर उचलला, हे वेगळं सांगायला नको.

दोन्ही खेळांचं भांडण होतं ते मधोमध. एक खेळपट्टी 3.05 मीटर रुंद. अशा नऊ शेजारी शेजारी घेतल्या की साडेसत्तावीस मीटर होतात. फुटबॉलचं मध्यवर्तुळ जेमतेम 18.3 मीटर व्यासाचं, म्हणजे चिकणमातीचा हा पट्टा वर्तुळाच्याही बाहेर जातो. बाहेरची हिरवळ वाळूमिश्रित असेल तर पाणी झटकन खाली जातं. चिकणमाती ते धरून ठेवते. सुकली की तिथे चेंडू जास्त उसळतो आणि बुटांचे स्टड रुतत नाहीत, ओली असली की खेळाडू घसरतात. नुसती वरून हिरवळ अंथरली तर मुळं दाबलेल्या मातीत शिरत नाहीत आणि पहिल्याच टॅकलला गालिचा सुटतो. माती खणून वाळूचा थर भरावा, मग हिरवळ लावावी आणि मुळं धरायला काही आठवडे द्यावेत. कोपरा हाताने ओढून पाहायचा. उचलला गेला तर अजून खेळू नये. क्रिकेटसाठी उलटं काम आणखी सावकाश: माती पातळ थरांत, ओलावा सांभाळत, रोलर फिरवत बसवावी लागते. म्हणून दोन्ही हंगामांमध्ये मोकळे आठवडे ठेवायलाच हवेत, असं माझं ठाम मत आहे.

यू2 आणि कोल्डप्लेसारख्या बँडचे कार्यक्रमही इथे होतात. तेव्हा गवतावर आच्छादन टाकतात. वजन त्याने पसरतं, पण उजेड आणि हवा अडते आणि झाकलेलं गवत काही दिवसांत पिवळं पडतं. रंग परत येतो. जड मंचाखाली दबलेली जमीन मात्र आपोआप मोकळी होत नाही. तिथे यंत्राने भोकं पाडून वाळू भरावी लागते. कार्यक्रमानंतर लवकरच सामना असेल, तर मंच उभा होता त्या बाजूला चेंडू कसा उसळतो ते बघा.