पेन्शनीवर आल्यावरचं पहिलं वर्ष

मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षं काढून मी नाईक या हुद्द्यावरून पेन्शनीवर आलो. बेळगावच्या सेंटरला सामान जमा केलं, मेडिकल झालं, हिशेब झाले आणि डिस्चार्ज बुक घेऊन साताऱ्याकडची गाडी धरली. पुढं काय काय वाढून ठेवलंय हे नीट कुणी सांगत नाही, म्हणून लिहितोय. यंदा बाहेर पडणाऱ्या एखाद्या फौजीचा जरी त्रास वाचला तरी पुष्कळ झालं.

सगळ्यात आधी बायकोचं नाव आणि जन्मतारीख तपासा. लग्नानंतर युनिटनं पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्नाची नोंद रेकॉर्डला चढवणारा आदेश, काढलेली असते. त्या वेळी गावाकडून जो कागद आला, त्यावरचं नाव तसंच रेकॉर्डला चढतं. आधार कार्ड मागाहून आलं. आमच्या सौ.ची जन्मतारीख रेकॉर्डला एक आणि आधारवर दुसरी, शिवाय इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेच्या, कार्डाचा ऑनलाइन अर्ज त्यावरूनच परत आला. दवाखान्याचं एक वेळ निभावून नेता येतं, पण उद्या माझं काही बरंवाईट झालं तर फॅमिली पेन्शनही तिथंच अडली असती. मग तिचा शाळेचा दाखला काढला, ॲफिडेव्हिट केलं, वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पत्रासोबत फाइल रेकॉर्ड ऑफिसला पाठवली. दुरुस्ती झाली, पण महिने गेले. वर्दीत असताना हेच काम हेडक्लार्क साहेबांच्या टेबलावर होऊन जातं. त्यामुळं शेवटच्या सुट्टीत घरच्या सगळ्यांचे आधार, पॅन आणि दाखले समोर मांडून एकेक अक्षर जुळवून बघा.

पेन्शन ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन यंत्रणेवरून वेळेवर सुरू झाली. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा, तो मोबाइलवरूनही देता येतो. पेन्शन विकण्याचा, म्हणजे तिचा काही हिस्सा सोडून एकरकमी पैसे घेण्याचा, निर्णय मात्र घरात बसून, कागदावर आकडे मांडून घ्यावा. फौजेत निम्म्यापर्यंत विकता येते आणि ती पंधरा वर्षांनी पूर्ववत होते. तोवर महिन्याला हातात किती येणार आणि पोरांची शिक्षणं कधी येणार, हे दोन्ही हिशेब एकत्र करायला हवेत. ग्रॅच्युइटी, फंड, इन्शुरन्स असा पैसा एकदम खात्यावर येतो आणि गावात ते सगळ्यांना ठाऊक असतं. कुणी प्लॉट दाखवतो, कुणी दामदुपटीची स्कीम आणतो, भावकीतला कुणी उसने मागतो. पहिले सहा महिने पैशाला हात लावायचा नाही, असं आम्ही नवराबायकोनं ठरवलं होतं. ते सांगितलं की माणसं रुसायची, पण परत जायची.

घरात रुळायला कागदांपेक्षा जास्त वेळ लागला. गावात जो भेटेल तो विचारायचा, “काय फौजी, किती दिवस सुट्टी?” आता कायमचा आलोय, हे सांगताना घशात काहीतरी अडकायचं. पहाटे साडेचारला आपोआप जाग यायची आणि करायला काही नसायचं. सोसायटीचं कर्ज, विहिरीवरची मोटर, पोरांच्या शाळेतल्या मीटिंगा, आईची औषधं हे सगळं इतकी वर्षं सौ.नं एकटीनं ओढलं. घराला तिच्या हाताची शिस्त लागली होती. एका रात्री ती म्हणाली, “तुम्ही आलात ते बरंच झालं, पण पोरांना एकदम दोन साहेब नकोत.” मला ते पटलं. शेतीचं पाणी, आईचा दवाखाना आणि धाकट्याचा अभ्यास ही तीन कामं माझ्याकडं आली, बाकीचं तिच्याकडंच राहिलं. वाटून दिलेलं काम असलं की फौजी माणसाचा जीव थाऱ्यावर राहतो. पहाटेचं पळणं सोडलं नाही. हळूहळू भरतीची तयारी करणारी गावातली पोरंही मैदानावर माझ्यासोबत यायला लागली.

नोकरीचं म्हणाल, तर पुण्याकडच्या कंपनीत बारा तासांच्या गार्ड ड्युटीची ऑफर लगेच आली होती. त्या कामात कमीपणा नाही, माझे काही जोडीदार करतात. दोघे डीएससीत, म्हणजे लष्करी ठिकाणांची राखण करणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, पुन्हा भरती झाले. मला घर सोडायचं नव्हतं. सरकारी बँकांत क्लार्कच्या जागांवर माजी सैनिकांना साडेचौदा टक्के आरक्षण आहे, आणि महाराष्ट्र शासनाच्या क व ड गटाच्या पदांत पंधरा टक्के समांतर आरक्षण. दहावी, फौजेतलं शिक्षणाचं आर्मी स्पेशल सर्टिफिकेट आणि किमान पंधरा वर्षं सेवा असेल तर पदवी नसतानाही बँकेच्या क्लार्कचा अर्ज भरता येतो. साताऱ्यात क्लास लावला. विशीतल्या पोरांच्या बाकावर बसून शेकडेवारी आणि काळ-काम-वेगाची गणितं पुन्हा गिरवली. पोरं मला फौजी काका म्हणायची, शॉर्टकट शिकवायची. इंग्रजीनं घाम काढला, पण निवड झाली. आज तालुक्याच्या शाखेत बसतो.

रुजू झाल्याबरोबर एक काम न विसरता करा. त्याआधी जिथं जिथं अर्ज भरले असतील, त्यांची तारखेनुसार यादी नव्या ऑफिसला लेखी द्या आणि पोच घ्या. केंद्राच्या नियमांत पहिली सरकारी नोकरी लागली की माजी सैनिकाचं आरक्षण सहसा संपतं. ही यादी लगेच दिलेली असेल, तर त्या जुन्या अर्जांपुरता हक्क शाबूत राहतो.