तुम्ही विचारलंत म्हणून : शून्यातून म्हणजे नक्की कुठून?

प्रश्न बहुधा जेवणं उरकल्यावर येतो. मंडळी सोफ्यावर टेकलेली असतात, कुणीतरी मसाला दूध ढवळत असतं. "ताई, तुम्ही दोन बॅगा घेऊन या देशात आलात. कुणी काही दिलं नाही. आपण काही गोरे नाही. तरी घर झालं, मुलगी शिकली. मग त्यांना का नाही जमत? आणि तुम्ही सारखी त्यांचीच बाजू का घेता?" 'त्यांना' म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांना, हे न्यू जर्सीत तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

हाच प्रश्न कुंपणापलीकडचे शेजारी इंग्रजीत विचारतात. साताऱ्याचा मावसभाऊही व्हॉट्सॲपवर विचारतो, फक्त त्याच्या 'त्यांना'चा अर्थ वेगळा असतो. तिघांनाही आजवर तुकड्यातुकड्यांत उत्तरं दिली. आता एकदा सलग लिहून टाकते.

मी बावीस वर्षं एका बँकेत अंडररायटर होते. घरकर्जाची फाइल माझ्या टेबलावर यायची आणि ती पास करायची की परत पाठवायची हे मी ठरवायचे. लोकांना वाटतं हे आकडेमोडीचं काम. ते अर्धंच. उरलेलं अर्धं काम एकच प्रश्न विचारण्याचं : पैसे कुठून आले? खात्यात दर पंधरवड्याला पगार पडतोय, ठीक आहे. मधेच एके दिवशी तीस हजार डॉलर जमा झालेले दिसले की फाइल थांबते. कुणाकडून उसने घेतले असतील तर ते कर्जात धरावे लागतात. बहुतेक वेळा उत्तर यायचं, आईवडिलांनी दिले. मग त्यांच्याकडून एक कागद मागवायचा. त्याला गिफ्ट लेटर म्हणतात. अमुक रक्कम मी माझ्या मुलाला भेट म्हणून देत आहे, परतफेडीची अपेक्षा नाही. सही, तारीख. एक पान.

असे किती कागद हाताखालून गेले, मोजले नाहीत. पण दोन-चार वर्षांतच एक गोष्ट टोचायला लागली. दोन अर्जदार, पगार सारखा, नोकरी सारखी, क्रेडिट स्कोअरमध्ये दहा-वीस गुणांचं अंतर. एका फायलीत गिफ्ट लेटर, दुसरीत नाही. जिथे नाही तिथे डाउन पेमेंट वीस टक्क्यांच्या खाली, म्हणून वर मॉर्गेज इन्शुरन्सचा, म्हणजे कर्ज बुडण्याच्या विम्याचा, भुर्दंड, म्हणून हप्ता मोठा, म्हणून घर अशा गावात जिथली शाळा यथातथा. आणि त्या दुसऱ्या फायलीतल्या बँक स्टेटमेंटमध्ये पैसा उलटा वाहताना दिसायचा. दर महिन्याला आईला दोनशे, भावाला दीडशे. घरकर्जात वंश पाहून भेदभाव करायला १९६८ पासून कायद्याने बंदी आहे, आणि मी तसं कधी केलं नाही. नियम सगळ्यांना एकच लावले. तरी गिफ्ट लेटर बहुतकरून गोऱ्यांच्या फायलीत निघायचं. पुढे पुढे आपल्या लोकांच्याही.

आता शेजारी. माझी आई इथे राहायला आली होती तेव्हा ती त्यांना 'टोमॅटोवाले' म्हणायची, कारण ऑगस्टमध्ये ते पिशवीभर टोमॅटो दारात ठेवून जातात. इटालियन वंशाचे, निवृत्त प्लंबर, वय पंचाहत्तरीच्या पुढे. २०१६ पासून निवडणूक आली की त्यांच्या अंगणात ट्रम्पची पाटी लागते. मी डेमोक्रॅट, तीही कुरकुरणारी. आमचे वाद कुंपणाशी उभ्या उभ्या चालतात, त्यामुळे पाय दुखले की संपतात. वाद घालायची याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

त्यांचं म्हणणं काही पोकळ नाही. आजोबा नेपल्सहून आले तेव्हा त्यांनाही घाणेरडी नावं ठेवली गेली. १८९१ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने ११ इटालियनांना ठार केलं. १९२४ च्या कायद्याने इटलीहून येणाऱ्यांचं दार जवळपास लावून घेतलं. "मग आम्ही रडत बसलो का? आम्ही पाइप जोडले." हे वाक्य मी निदान पन्नास वेळा ऐकलंय.

एकदा मी आयपॅडवर त्यांना १९३० च्या दशकातले सरकारी नकाशे दाखवले. घरकर्जासाठी शहरांतल्या वस्त्यांची प्रतवारी करून त्यांना रंग दिले होते : हिरवा, निळा, पिवळा आणि सगळ्यात धोक्याचा लाल. सोबतच्या फॉर्मवर वस्तीत कृष्णवर्णीय आहेत का, परदेशात जन्मलेले किती आणि कुठले, यासाठी वेगळे रकाने. त्यांनी चष्मा लावला आणि त्यातला 'इटालियन' हा शब्द शोधून काढला. "बघ, आम्हीही यादीत होतो!" पुरावा मी आणला होता, वापरला त्यांनी. चालायचंच.

मग मी माझा नोकरीतला प्रश्न विचारला. तुमचं हे घर १९७७ चं. डाउन पेमेंट कुठून आलं? "कष्टातून." सगळं? थोडं थांबून म्हणाले, चार हजार वडिलांनी दिले होते. वडिलांकडे कुठून आले? जुन्या घरावर. आणि ते घर कुठलं, तर पेनसिल्व्हेनियातलं लेव्हिटाउन. वडील दुसऱ्या महायुद्धात लढलेले, परत येऊन डेलावेअर नदीकाठच्या पोलाद कारखान्यात लागले. १९४४ च्या जीआय बिलामुळे माजी सैनिकांना सरकारी हमीवर, हातात रोख नसतानाही घर घेता यायचं. दहा हजारांच्या आसपास घराची किंमत. लेव्हिट नावाचा बिल्डर कारखान्यात मोटारी बनाव्यात तशी घरं उभी करत होता आणि कृष्णवर्णीयांना ती विकत नव्हता. तेही त्याच युद्धातून परतले होते.

मला हे पाठ होतं. त्यांनी त्यापुढचं सांगितलं ते मला पाठ नव्हतं. १९५७ चा ऑगस्ट. एका मूळ घरमालकाने आपलं घर एका कृष्णवर्णीय कुटुंबाला विकलं, लेव्हिटाउनमधलं पहिलंच. रोज संध्याकाळी त्या घरासमोर शेकडो लोक जमायला लागले. दगडाने काच फुटली, राज्याचे पोलीस बोलवावे लागले. टोमॅटोवाले तेव्हा आठ वर्षांचे होते. वडील त्यांना हाताला धरून 'बघायला' घेऊन गेले. "त्यांनी दगड मारला नाही," ते म्हणाले. "नुसते उभे होते. आइस्क्रीमची गाडी आली होती, मला घेऊन दिलं." मग बराच वेळ ते टोमॅटोच्या रोपाला सुतळी बांधत राहिले. मी काही बोलले नाही. वाद जिंकल्यासारखं तर मुळीच वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात मात्र त्यांनी परतफेड केली. "माझी फाइल उघडलीस. आता तुझी उघड."

उघडते. आमच्याकडे 'शून्यातून' ही कथा दोन पिढ्या चालत आली आहे. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि त्यानंतरच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. आमचं त्यात गेलं. आजी पितळी डबा आणि तीन मुलं घेऊन मळ्यातून पळाली. 'जळीत' हा शब्द घरात असा उच्चारला जायचा की पुढे कुणी काही विचारायचं नाही. मग कूळकायद्यात जमीन गेली, तीही १९५७ लाच. मावसभावाचं सगळं तत्त्वज्ञान यावर उभं आहे : आपलं घर जाळलं, जमीन गेली, आरक्षण नाही, तरी आपण उभे राहिलो. मग 'त्यांना' सवलती कशाला?

दुःख खरंच आहे. त्यात मी एक रेघही पुसत नाही. पण अंडररायटर म्हणून विचारते, जळीतानंतर पैसे कुठून आले? आजोबा मास्तर होते. त्यांचं लिहिणं-वाचणं जळलं नाही. वडिलांचे मामा पुण्यात सदाशिव पेठेत दोन खोल्यांत राहायचे, त्यांनी एक खोली दिली. वडील मॅट्रिक झाल्यावर त्यांना ज्या ठिकाणी चिकटवलं तिथला हेडक्लार्क मामांच्या शेजारचा. त्याच गावातल्या महारवाड्यातल्या माणसाचं घर जळलं असतं तर त्याला त्या काळात सदाशिव पेठेत खोली कुणी दिली असती? हेडक्लार्क कुणाच्या शेजारी राहत होता? आमच्याकडे घर नव्हतं, गिफ्ट लेटर होतं. फक्त ते कागदावर नव्हतं.

मावसभावाला हे लिहिलं तेव्हा त्याने तीन दिवस उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी 'शुभ सकाळ'चं फूल पाठवलं. आमच्या नात्यात याला चर्चा झाली असं धरतात.

आणि माझ्या स्वतःच्या त्या दोन बॅगा. १९८९ साली आम्ही आलो. बत्तीस-बत्तीस किलोच्या, एकीत प्रेशर कुकर. पहिले पाच महिने मामेदिरांच्या बेसमेंटमध्ये राहिलो, भाडं न देता. ते मी कधी हिशेबात धरलं नव्हतं, कारण घरच्यांचं कोण धरतं? आणि मुळात या देशात येता कसं आलं? १९२३ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. १९४६ ला ते बदललं, तर येण्याची मर्यादा वर्षाला शंभर. दार उघडलं ते १९६५ च्या कायद्याने. १९६४ चा नागरी हक्क कायदा त्याच्या आदल्या वर्षीचा. ज्या रेट्याने वंशावर आधारलेले कायदे एकेक करून पाडले, त्याच रेट्यात देशावार कोटाही पडला, आणि तो रेटा उभा केला होता 'त्यांनी'. मोर्च्यांत पोलिसांची कुत्री अंगावर घेतली त्यांनी, पदव्यांची भेंडोळी घेऊन उतरलो आपण. तेही चाळणीतून चाळून : शिकलेले, इंग्रजी येणारे. चाळलेल्या पिठाने न चाळलेल्याला विचारायचं, तू इतका जाडाभरडा का?

इथे टोमॅटोवाल्यांनी मला गाठलं. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीचा कागद छापून घेऊन आले, वर पिवळी खूण. बरोब्बर मधोमध असलेल्या कुटुंबाची, कर्ज वजा जाता उरणारी मालमत्ता : कृष्णवर्णीय ४४,९०० डॉलर, गोरे २,८५,०००, आशियाई ५,३६,०००. "वंशवाद, वंशवाद म्हणतेस. मग तुमचा आकडा आमच्या जवळपास दुप्पट कसा?" चाळणीचं उत्तर दिलं. ते म्हणाले, ते अर्धं उत्तर आहे. खरंच अर्धंच आहे. अभ्यासाला बसवणं, पैसा न उडवणं, मुलीच्या गणितासाठी स्वतः रात्री जागणं, हे चाळणीने करून दिलं नाही. महत्त्वाकांक्षेचं काहीच मोल नाही असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही.

मग त्यांनी पुतण्याचं सांगितलं. पोलाद कारखाना बंद पडला, नोकरी गेली, पाठदुखीच्या गोळ्यांचं व्यसन लागलं, आता तो गाडीत झोपतो. "त्याला जाऊन सांग की तू गोरा आहेस म्हणून तुझं बरं चाललंय." माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मधोमधच्या कुटुंबाचा आकडा गाडीत झोपणाऱ्याला काय सांगणार?

माझ्या मुलीला हे कुंपणावरचं बोलणं मान्य नाही. ती म्हणते, "आई, अशा माणसाशी वाद घालणं म्हणजे त्याला मान देणं आहे." तिच्या पिढीकडे नेमके शब्द आहेत, ते ती जाईल तिथे घेऊन जाते. २०२० च्या उन्हाळ्यात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला, देशभर मोर्चे निघाले, आणि त्यानंतर आमच्या बँकेतही तसे शब्द शिकवणारी कार्यशाळा झाली. आम्ही सगळे गोल बसलो, आपापले विशेषाधिकार एकेका चिठ्ठीवर लिहून फळ्यावर चिकटवले, समोसे खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर फायली होत्या आणि नियम तेच होते. एका चिठ्ठीनेही कुणाचा हप्ता कमी झाला नाही. टोमॅटोवाल्यांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते इतके हसले की मला जरा रागच आला.

मुलीने गेल्या वर्षी फिलाडेल्फियाजवळ घर घ्यायचं ठरवलं. डाउन पेमेंट कमी पडत होतं. आम्ही साठ हजार डॉलर तिच्या खात्यात टाकले आणि अपेक्षेप्रमाणे कुणा अनोळखी अंडररायटरने फाइल थांबवली. कोरं गिफ्ट लेटर ईमेलने आलं. आयुष्यभर दुसऱ्यांकडून मागवलेला कागद पहिल्यांदा माझ्या नावाने. मुलीने फोनवर विचारलं, "आई, सही केलीस का? शुक्रवारपर्यंत हवंय." तिच्या आवाजात कुठलाही शब्द अडखळत नव्हता.

कागद ओट्यावर पडला होता. टोमॅटोवाले पिशवी ठेवायला आत आले, त्यांनी तो वाचला. परतफेडीची अपेक्षा नाही, त्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"एवढं डाचतंय तुला," ते म्हणाले, "तर देऊ नकोस."

मी पेन शोधलं आणि सही केली. टोमॅटो या वर्षी जरा आंबट निघाले.