तुम्ही विचारलंत म्हणून: कंट्री म्युझिक ऐकायला सुरुवात कुठून करू?

गिटार शिकायला येणारी मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, ऑफिसातले मित्र तर नेहमीच. "तू ते कंट्री कंट्री करत असतोस, आम्ही नेमकं काय ऐकायचं?" (कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या ग्रामीण भागातून आलेलं गाण्याबजावण्याचं वळण.) माझं उत्तर ठरलेलं आहे. अमेरिकन गायक-गीतकार क्रिस स्टेपलटनचा 'ट्रॅव्हलर', 2015 चा अल्बम. का, ते आता एकदाच नीट लिहून ठेवतो.

हा माणूस अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला, कोळशाच्या खाणींच्या भागात वाढलेला. 2001 मध्ये कंट्री म्युझिकचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलला आला आणि पुढची कितीतरी वर्षं दुसऱ्यांसाठी गाणी लिहीत राहिला. केनी चेस्नी, जॉर्ज स्ट्रेट, ल्यूक ब्रायन, सगळ्या मोठ्या लोकांनी त्याची गाणी गायली आणि हिट केली. म्हणजे इंडस्ट्रीत सगळे त्याला ओळखायचे पण रेडिओ ऐकणाऱ्याला नावसुद्धा माहीत नाही, असा प्रकार. 2013 मध्ये वडील गेले. त्या सुमारास बायकोनं, म्हणजे मॉर्गननं, त्याच्यासाठी एक जुनी 1979 ची जीप घेतली आणि दोघं फिनिक्सहून नॅशव्हिलपर्यंत ती चालवत आले, हजारो किलोमीटर, वाळवंटातून. त्या रस्त्यावरच त्याला 'ट्रॅव्हलर' हे गाणं सुचलं. अल्बमचं नाव तिथून आलंय.

रेकॉर्डिंग बरंचसं नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ ए मध्ये झालं. 1965 चा स्टुडिओ, 2014 मध्ये तो पाडून तिथे फ्लॅट बांधायचं चाललं होतं, लोकांनी आवाज उठवला म्हणून वाचला. प्रोड्यूसर डेव्ह कॉब. त्याची पद्धत अशी की सगळ्यांनी एका खोलीत बसायचं आणि एकत्र वाजवायचं, आधी ड्रम्स मग बास मग शेवटी गळा असे थर चढवत बसायचं नाही. हेडफोन लावून ऐका, कळतं लगेच. मागे पेडल स्टील (आडवी ठेवून, तारांवर सळई सरकवत वाजवायची गिटार) आहे, मिकी राफाएलचा हार्मोनिका आहे (हा कंट्रीतला दिग्गज गायक विली नेल्सनबरोबर वर्षानुवर्षं वाजवणारा माणूस), पण कुणी कुणाच्या अंगावर येत नाही, प्रत्येकाला जागा आहे. आणि मॉर्गनचा आवाज! ती नवऱ्याच्या बरोब्बर वर, अगदी पातळ, हार्मनी धरते, तो शब्द ओढतो तिथे तीही तेवढाच ओढते, एकत्र श्वास घेतल्यासारखं.

आता 'टेनेसी व्हिस्की'. हे गाणं त्याचं नाही, डीन डिलन आणि लिंडा हारग्रोव्ह यांनी लिहिलेलं, 1983 मध्ये जॉर्ज जोन्सनं हिट केलेलं. स्टेपलटननं त्याला पार सोलच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावभरल्या गायकीच्या, वळणावर नेलं. माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हे गाणं देतो कारण यात दोनच कॉर्ड्स (एकत्र वाजवायचे सूर) आहेत, ए आणि बी मायनर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. लय सहाची, दादऱ्यासारखी झुलणारी. मुलं म्हणतात एवढंच? मग वाजवायला घेतात आणि समजतं की दोन कॉर्ड्सवर इतका वेळ माणसाला धरून ठेवायचं म्हणजे उजव्या हाताला किती धीर लागतो. घाई केली की गाणं गेलंच. तो स्वतः ओळीच्या शेवटी जी हरकत घेतो ना, वरून घसरत खाली येत, ती घेतानाही गिटार हलत नाही, आपल्या जागी असते.

अवॉर्ड्सचं विचाराल तर 4 नोव्हेंबर 2015 ला सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) अवॉर्ड्समध्ये त्याला तीन मिळाली, सर्वोत्तम अल्बम, पुरुष गायक आणि नवीन कलाकार (इतकी वर्षं काम केल्यावर "नवीन"!). त्याच रात्री पॉप गायक जस्टिन टिंबरलेकबरोबर स्टेजवर गायला, आणि बिलबोर्डच्या चार्टमधून (अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बम्सच्या यादीतून) बाहेर गेलेला अल्बम परत आला तो थेट 1 नंबरवर. पुढच्या वर्षी बेस्ट कंट्री अल्बमचं ग्रॅमीही मिळालं. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की तेव्हा कंट्री रेडिओवर पिकअप ट्रक, पार्टी आणि पॉपचे बीट्स यांचा धुमाकूळ होता, आणि त्यात हा दाढीवाला गंभीर माणूस कसलीही तडजोड न करता सगळ्यांच्या घरात पोचला.

पण खरं सांगू का, माझं सगळ्यात लाडकं 'व्हिस्की अँड यू'. एक गिटार, एक गळा, बाकी काही नाही. हे गाणं आधी 2007 मध्ये टिम मॅकग्रॉनं गायलेलं, तेही चांगलंय, पण ज्यानं लिहिलं त्याच्या तोंडून ऐकताना आवाज मध्येच खरखरतो आणि तो तसाच ठेवलाय, पुसला नाही. नुकतंच कुणी सोडून गेलं असेल तर हे रात्री ऐकू नका, मी सांगितलं नव्हतं म्हणाल.

तर क्रम असा धरा. आधी 'ट्रॅव्हलर', मग 'टेनेसी व्हिस्की', मग 'व्हिस्की अँड यू', आणि आवडलं तर पूर्ण 14 गाणी सलग, शफल न करता. त्यानंतर बँजो आणि फिडल (व्हायोलिन) हवंसं वाटलं तर द स्टीलड्रायव्हर्स या ब्लूग्रास (कंट्रीचाच तंतुवाद्यांवरचा जलद प्रकार) बँडचा 2008 चा पहिला अल्बम लावा, तिथेही गळा ह्याचाच आहे.