ध्रुवीय कयाकिंगची तयारी: चकती, शेपट्या आणि रोल

मंडळी, मागच्या नोंदीनंतर कुठवर आलोय ते सांगतो. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या सफरीला अजून अवकाश आहे, तोवर मुळशीच्या पाण्यात जमेल तेवढं चालू आहे.

पाणी किती नितळ आहे ते मोजायची सेची चकती तयार झाली. 30 सेंटिमीटर व्यासाची पांढरी चकती, खाली वजन आणि दर 10 सेंटिमीटरला खूण केलेली, न ताणणारी दोरी. चकती पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की खूण वाचायची. 1865 मध्ये अँजेलो सेची या इटालियन जेझुइट खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून हाच प्रयोग केला होता. गाळ नसलेल्या पाण्यात चकती लवकर नाहीशी झाली तर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, भरपूर, असा साधा हिशोब.

कयाकवरून मात्र वारा छळतो. होडी सरकली की दोरी तिरपी होते आणि खोली उगाच जास्त भरते. सध्या दोन कयाक शेजारी धरून काम करतो: एकाने होडी सांभाळायची, दुसऱ्याने दोरी. धरणातले आकडे कुणाच्याच कामाचे नाहीत, नुसता हात बसावा म्हणून.

अंटार्क्टिकात मात्र असे आकडे कामाचे आहेत. स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेशी जोडलेल्या 'फ्योर्डफायटो' उपक्रमात पर्यटकच प्लवकांचे नमुने घेतात. संशोधन जहाजाला एकाच खाडीत पुन्हा पुन्हा जाणं परवडत नाही. पर्यटक जहाजं नोव्हेंबर ते मार्च त्याच त्या खाड्यांत येत राहतात, त्यामुळे हंगामभर प्लवक कसं बदलतं ते कळतं. हे काम सहसा झोडियाक नावाच्या रबरी होड्यांमधून चालतं. म्हणून 'वल्हवता वल्हवता विज्ञान' असल्या जाहिराती मला जरा जास्तच गोड वाटतात.

कयाकवाल्यांना खरंच जमेल असं काम म्हणजे हंपबॅक देवमाशाच्या शेपटीचा, खालच्या बाजूचा फोटो. प्रत्येक शेपटीची नक्षी वेगळी असते. 'हॅपीव्हेल' या संकेतस्थळावर असे फोटो जुळवून कोलंबियाजवळ दिसलेला एक नर पुढे झांझिबारजवळ ओळखला गेला. सरळ अंतर मोजलं तरी 13 हजार किलोमीटरहून जास्त! माझा सराव सध्या बगळ्यांवर. डोलत्या होडीतून, पॅडल मांडीवर ठेवून कॅमेरा स्थिर धरणं सोपं नाही. तारीख, वेळ आणि जागा नसेल तर तो फोटो भिंतीवर लावायचा, बस्स.

या महिन्यात सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट अलास्कातल्या लकाँट हिमनदीची. बर्फाचे कडे कधी कोसळतील याचा नेम नाही, तिथे माणूस पाठवणार कसा? 2018 मध्ये शास्त्रज्ञांनी दूरनियंत्रित कयाक पाठवल्या. हिमनदीखालून निघणाऱ्या गोड्या पाण्याच्या लोंढ्यांपाशी बर्फ जोरात वितळतो हे माहीत होतं, पण उरलेल्या पाण्याखालच्या भिंतीवरचं वितळणं नगण्य धरलं जायचं. कयाकच्या उपकरणांना तिथल्या वितळपाण्याचे थर सापडले आणि प्रचलित गणितापेक्षा 100 पटींपर्यंत जास्त वितळणं दिसलं. तेव्हा हिमकड्याजवळ जाऊन सेल्फी काढायची हौस असलेल्यांनी यंत्राला तरी पुढे जाऊ द्यावं.

रोल, म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच पुन्हा सरळ करणं, डावीकडून बसलाय, उजवीकडून अजून डोकं आधी वर येतं. ग्रीनलँडच्या पद्धतीचं अरुंद पॅडल वापरतोय, खांद्यावर ताण कमी येतो. पण रोलवर फार विसंबू नका. जिनो वॉटकिन्स हा इंग्रज संशोधक ग्रीनलँडच्या लोकांकडूनच कयाक शिकला होता, रोलही मारायचा. 1932 मध्ये पूर्व ग्रीनलँडमध्ये सीलच्या शिकारीला एकटाच गेला. कयाक तरंगताना सापडली, तो नाही. शून्याच्या आसपासच्या पाण्यात हात बधिर व्हायला काही मिनिटं पुरतात.

पुढचा टप्पा तारकर्लीची खाडी, ओहोटीच्या ओढीत चकतीचं काम. कुणाकडे ड्रायसूट (आत पाणी शिरू न देणारा पोशाख) असेल तर एका सकाळपुरता द्या. मुळशीच्या उन्हात उकडून निघेन खरा, पण तो घालून उजवीकडचा रोल जमतो का ते बघायचंय.